बीडीएसला प्रवेश घेताय? मग ‘नंतर कॉलेज बदलू’ हे आधी डोक्यातून काढा

नीट या वैद्यकीय-दंत प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला की नात्यातल्या, बिल्डिंगमधल्या, आईच्या ऑफिसातल्या कुणाच्या ना कुणाच्या मुलांचे मला फोन येतात. प्रश्न ठरलेले असतात. एवढ्या मार्कांना मुंबईत डेंटल मिळेल का? कुठलं कॉलेज वर टाकू? आणि फोन ठेवता ठेवता हमखास येणारा प्रश्न: ‘ताई, आत्ता लांबचं मिळालं तर घेऊन ठेवते. दुसऱ्या वर्षाला मुंबईत ट्रान्सफर होईल ना?’

मी सध्या मुंबईत बीडीएसची, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीची इंटर्नशिप करते आहे. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी आधीच देऊन टाकते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. नाही होणार. इंजिनिअरिंगला डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं, तसं इथे नाही. डेंटल मेकॅनिक किंवा हायजिनिस्टचा डिप्लोमा केला असला, बीएएमएसचं एक वर्ष झालेलं असलं, तरी बीडीएस पहिल्या वर्षापासूनच करावं लागतं, आणि तेही नीट देऊनच. कॉलेज बदलायची खरी संधी एकदाच असते: प्रवेशाच्या फेऱ्या चालू असताना. म्हणून त्या फेऱ्या नीट समजून घ्या, आणि त्यांच्याआधी लागणारे कागदही.

१. तुम्ही पात्र आहात का, ते अकरावीतच बघा

प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय हवेत. पीसीबी मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात.

मुंबईतल्या ज्युनिअर कॉलेजांत इथे एक खड्डा आहे. बायफोकलला (बारावीच्या व्यावसायिक विषयाला) इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स मिळालं की घरचे खूश होतात, पण त्या नादात बायोलॉजी सुटते. नंतर ‘मला डेंटलला जायचंय’ म्हटलं की अडचण होते.

दुसरा खड्डा जास्त खोल आहे. महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेली असावी लागतात, शिवाय अधिवास प्रमाणपत्र लागतं. राजस्थानातल्या कोटा शहरात क्लास लावून तिथल्याच शाळेत बारावीचं नाव घातलं, किंवा वापी-उमरगावकडे राहून गुजरात बोर्डातून परीक्षा दिली, तर जन्म गिरगावातला असला तरी राज्य कोटा हातचा जातो. सरकारी नोकरीतल्या बदलीमुळे बाहेर शिकलेल्यांसाठी काही अपवाद माहितीपुस्तिकेत दिलेले असतात. क्लाससाठी गेलेल्यांना त्यांचा उपयोग नाही. कोटा शहरात जायचंच असेल तर जा, पण बारावीचं नाव इथल्या कॉलेजात ठेवा.

२. नीटचा फॉर्म

बीडीएसचा प्रवेश नीटवरच होतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं असं मला वाटायचं, पण दरवर्षी कुणीतरी एमएचटी-सीईटी या राज्याच्या दुसऱ्याच प्रवेशपरीक्षेचे पर्सेंटाइल सांगत येतंच. गोंधळ नावामुळे होतो. राज्यातले प्रवेश राज्य शासनाचा सीईटी सेल करतो, पण डेंटलसाठी तो नीटचाच क्रमांक बघतो.

पेपर ७२० मार्कांचा असतो. १८० प्रश्न, १८० मिनिटं, त्यात निम्मे प्रश्न बायोलॉजीचे. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकीला एक वजा. पेपर मराठीतूनही देता येतो, पण फॉर्म भरताना भाषा निवडावी लागते आणि मराठीची पुस्तिका ठराविक केंद्रांवरच मिळते. परीक्षा गेली काही वर्षं मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होते आहे.

फॉर्म भरताना नावाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. आपल्या एसएससीच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर उलटा क्रम, कधी वडिलांचं नाव गायब, कधी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त. नीटच्या स्कोअरकार्डावर जे छापलं जाईल ते पुढे पाच वर्षं तुमच्या मागे येणार आहे. आधार आणि दहावीची मार्कशीट आधी एकमेकांशी जुळवून घ्या, मगच फॉर्म उघडा.

३. कागदपत्रं: सीट इथे जाते

चांगला क्रमांक असूनही हातची सीट गेलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि बहुतेक वेळा कारण एखादा कागद असतो. यादी अशी:

– नीटचं प्रवेशपत्र आणि स्कोअरकार्ड
– दहावीची मार्कशीट व प्रमाणपत्र, बारावीची मार्कशीट
– शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला
– वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र
– आधार कार्ड, फोटो
– ठरलेल्या नमुन्यातलं वैद्यकीय तंदुरुस्ती प्रमाणपत्र
– सीबीएसई-आयसीएसईवाल्यांसाठी मायग्रेशन सर्टिफिकेट
– ड्रॉप घेतला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
– राखीव प्रवर्गासाठी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमिलेयर
– ईडब्ल्यूएस असेल तर त्याचं प्रमाणपत्र
– संरक्षण दल, डोंगरी भाग, सीमाभाग, दिव्यांग अशा कोट्यांसाठी ज्याचा त्याचा ठरलेला नमुना

अधिवासाचा अर्ज ‘आपले सरकार’वरून किंवा सेतू केंद्रातून होतो. मुंबई शहराचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टला जुन्या जकातघरात आहे, उपनगरचं वांद्रे पूर्वेला. तुम्ही शहरात येता की उपनगरात, हे पत्त्यावरून ठरतं. डोंबिवली-कल्याणकरांनी या दोन्हीकडे जायचं काम नाही, त्यांचं तहसील वेगळं. जूनमध्ये सगळी मुंबई याच कामाला लागते, म्हणून हे काम दिवाळीच्या सुट्टीत उरकलेलं बरं.

जात वैधता हा खरा वेळखाऊ भाग. जातीचा दाखला म्हणजे वैधता नव्हे, हे आधी घरातल्यांना समजावून सांगा. वैधता जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते आणि त्यासाठी जुना पुरावा मागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा. मुंबईत तीन पिढ्या काढलेल्या घरांची इथेच अडचण होते, कारण आजोबांच्या शाळेचा दाखला रत्नागिरीतल्या नाहीतर साताऱ्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या जुन्या रजिस्टरात असतो. गणपतीला गावी जाल तेव्हा मोदकांबरोबर तो उताराही घेऊन या. वडील, काका, आत्या, सख्खं-चुलत भावंड, यांपैकी कुणाकडे आधीची वैधता असेल तर तिची प्रत जोडा, काम बरंच सोपं होतं. अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाका. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करणाऱ्यांच्या हातात समितीची नुसती पोचपावती असते, आणि त्या वर्षी पोचपावती चालेल की नाही हे सर्वस्वी शासनाच्या सवलतीवर अवलंबून राहतं.

नॉन-क्रिमिलेयरवर ‘या तारखेपर्यंत वैध’ असं छापलेलं असतं. ती तारीख बघा. ३१ मार्चला संपलेलं प्रमाणपत्र जुलैमध्ये घेऊन उभं राहू नका.

राज्याचे आणि केंद्राचे दाखले वेगळे असतात, हेही लक्षात घ्या. अखिल भारतीय कोट्यासाठी (सरकारी कॉलेजांतल्या देशभरासाठीच्या जागा) ओबीसी आणि ईडब्ल्यूएस दोन्हींचे केंद्राच्या नमुन्यातले दाखले लागतात. राज्यात आपल्याकडे व्हीजे, एनटी-बी, सी, डी, एसईबीसी असे प्रवर्ग आहेत. केंद्रात फक्त एससी, एसटी, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, ते पाहा. एसईबीसीतून राज्यात अर्ज करणारे मराठा विद्यार्थी केंद्रात त्या प्रवर्गाखाली येत नाहीत, निकषांत बसत असतील तर तिथे ईडब्ल्यूएस घेऊ शकतात.

सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढा, स्कॅन करून फोनमध्ये आणि मेलवर ठेवा. प्रवेश घेतल्यावर मूळ कागद कॉलेजात जमा होतात, मग बँकेच्या कर्जाला, शिष्यवृत्तीला, सगळ्याला या प्रतीच लागतात.

४. दोन समुपदेशनं, दोन वेगळे फॉर्म

समुपदेशन म्हणजे इथे जागावाटपाची प्रक्रिया. राज्याचं समुपदेशन सीईटी सेल घेतो. त्यातून सरकारी व महापालिका कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा आणि खासगी विनाअनुदानित कॉलेजांच्या जागा भरतात. केंद्राचं समुपदेशन एमसीसी (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) घेते. त्यातून सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठांच्या जागा जातात. दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी करायची. एकीकडे केली की दुसरीकडे आपोआप होईल, असं काही नाही.

एमसीसीची नोंदणी स्वस्त-महाग दोन प्रकारची आहे. अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या प्रवर्गाला नोंदणीचे १,००० रुपये आणि १०,००० अनामत, राखीवांना ५०० आणि ५,०००. अभिमत विद्यापीठांचा पर्याय घेतला की नोंदणी ५,०००, अनामत २ लाख. अनामत परत मिळते, पण दुसऱ्या फेरीपासून सीट लागूनही गेला नाहीत तर जप्त होते. त्यामुळे ‘बघू तरी कुठे लागतंय’ म्हणून अभिमतचा पर्याय टिकमार्क करायचा नाही.

घरातले मोठे अजून एक जुनी गोष्ट सांगतील: ‘आपल्या विभागातल्या मुलांना ७० टक्के जागा असतात.’ असायच्या. हा ७०:३० चा विभागीय कोटा २०२० मध्ये रद्द झाला. आता मुंबईच्या सीटसाठी गडचिरोलीची आणि घाटकोपरची मुलगी एकाच यादीत असतात.

५. मुंबईत आहे काय काय

मुंबई शहरात मोजकीच दोन नावं आहेत, आणि बहुतेक सगळ्यांच्या यादीत तीच वर असतात. एक शासकीय दंत महाविद्यालय, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, सीएसएमटीहून चालत जाण्यासारखं. दुसरं महापालिकेचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलला. आम्ही त्यांना जीडीसी आणि नायर म्हणतो. फी कमी, पेशंट भरपूर. यांच्या १५ टक्के जागा एमसीसीत असतात, त्यामुळे दोन्ही फॉर्म भरले तर त्याच कॉलेजात शिरायच्या दोन वाटा मिळतात.

नवी मुंबईत नेरूळचं तेरणा, खारघरचं वायएमटी ही खासगी कॉलेजं आहेत. नेरूळचं डी. वाय. पाटील आणि बेलापूरचं भारती विद्यापीठ ही अभिमत विद्यापीठांची, म्हणजे एमसीसीतून. तिथे राज्याचं आरक्षण नाही, आणि फी विद्यापीठ ठरवतं.

खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण दर वर्षी मंजूर करून संकेतस्थळावर टाकतं. पसंतीक्रम भरण्याआधी प्रत्येक कॉलेजचा आकडा वहीत उतरवून घ्या आणि घरी दाखवा. या कॉलेजांत १५ टक्के संस्थास्तरीय (मॅनेजमेंटच्या) जागा असतात, एनआरआय त्यातच. फी कॅपच्या (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या) सीटपेक्षा कितीतरी जास्त आणि शिष्यवृत्तीही लागू नाही.

मुलींसाठी एक गोष्ट: ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना कॅपमधून प्रवेश घेतल्यावर शिक्षण आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत देणारा शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये निघाला. अर्ज महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर) करावा लागतो. अभिमत किंवा संस्थास्तरीय सीटला ही सवलत नाही. एकच कॉलेज, एकच बाक, पण सीट कुठून आली यावर घरचा पाच वर्षांचा हिशेब बदलतो.

आता कॉलेज निवडायचं कशावरून? माझं मत स्पष्ट आहे: ओपीडीवरून. इमारत, एसी, कॅन्टीन सगळं नंतर. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी तुम्हाला ठराविक दात काढणं, ठराविक फिलिंग, रूट कॅनल, कवळ्या असा कोटा पूर्ण करायचा असतो. पेशंट नसतील तर मुलं शेजारच्या काकूंना, रिक्षावाल्या काकांना कवळीसाठी खुर्चीवर बसवायला विनवण्या करत फिरतात. यादी पक्की करण्याआधी एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास कॉलेजच्या ओपीडीत जाऊन बसा. केसपेपरच्या खिडकीसमोरची रांग तुम्हाला माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगेल.

आणि प्रवास. पश्चिम रेल्वेवाल्यांना नायर सोयीचं, मध्य आणि हार्बरवाल्यांना जीडीसी. डोंबिवली-ठाण्याकडून खारघर-नेरूळला ट्रान्स-हार्बर आहे, पण डोंबिवलीहून ठाण्याला गाडी बदलावी लागते. परीक्षेच्या महिन्यात रोजचे चार तास लोकलमध्ये घालवायची तयारी आहे का, ते स्वतःला विचारा.

६. मार्क विसरा, क्रमांक बघा

‘गेल्या वर्षी ५०० ला लागलं होतं’ हे वाक्य ऐकलं की कान बंद करा. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ ला पेपर इतका अवघड गेला की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ मिळाले. अशा दोन वर्षांचे मार्क एकमेकांशेजारी ठेवून काय कळणार?

तुलना क्रमांकाची करा. सीईटी सेल नोंदणी केलेल्या उमेदवारांची राज्य गुणवत्ता यादी लावतो. तुमचा त्यातला क्रमांक घ्या, आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या फेरीनिहाय निवड याद्या उतरवून घ्या. प्रत्येक यादीत कॉलेज, प्रवर्ग आणि क्रमांक दिलेले असतात. शेवटच्या फेरीत त्या कॉलेजात, तुमच्या प्रवर्गात शेवटचा क्रमांक कुठला होता, तो शोधा. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर एका संध्याकाळचं काम आहे, आणि पैसे घेऊन हेच करून देणाऱ्या समुपदेशकाची गरज उरत नाही.

७. पसंतीक्रम: वर तेच, जे खरंच हवं

राज्याच्या फॉर्ममध्ये एमबीबीएस आणि बीडीएस एकाच गटात येतात, म्हणजे एकाच यादीत दोन्हीची कॉलेजं भरता येतात. यादी भरताना ‘मला काय मिळेल’ हा विचार करायचा नाही. ‘मला काय हवं’ त्याच क्रमाने लिहायचं. संगणक वरून खाली येतो आणि तुमच्या क्रमांकाला जे पहिलं मोकळं सापडेल ते देतो. जीडीसी पहिलं टाकलं म्हणून खालच्या तेरणाची संधी कमी होत नाही.

पण उलट मात्र होतं. जिथे जायचं नाही, ते वर टाकू नका. समजा पहिल्या फेरीत तुम्हाला नायर मिळालं आणि यादीत त्याच्या वर कुणाच्या तरी सांगण्यावरून दूरच्या जिल्ह्यातलं एक खासगी एमबीबीएस कॉलेज टाकलेलं आहे, ज्याची फी तुम्हाला परवडणार नाही. दुसऱ्या फेरीत ते लागलं की नायरची सीट आपोआप रद्द. परत मागता येत नाही. तुमच्या जागी तोवर दुसरं कुणी बसलेलं असतं.

भरून झालं की यादीची प्रिंट काढा, आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवा, प्रत्येक नावाला ‘इथे पाच वर्षं जाशील?’ असं त्यांना विचारायला लावा, आणि मगच लॉक करा. शेवटच्या रात्रीपर्यंत थांबू नका, साइट तेव्हाच अडकते.

८. फेऱ्या: बदली काय ती इथेच

सीट लागली आणि प्रवेश घेतला, तरी वरच्या पसंतीसाठी पुढच्या फेरीत विचार होतो. यालाच सगळे बेटरमेंट म्हणतात. मिळालेल्यावर समाधान असेल तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरून द्यायचा, म्हणजे तुम्ही पुढच्या फेरीतून बाहेर. तो फॉर्म भरला नाही तर तुम्ही बेटरमेंटसाठी इच्छुक आहात, असं धरलं जातं. हा कागद कॉलेजातला क्लार्क घाईत पुढे सरकवतो, ‘इथे सही करा’ म्हणतो. वाचा. लांबच्या कॉलेजात प्रवेश घेऊन मुंबईची वाट बघणाऱ्याने रिटेन्शनवर सही केली, तर मुंबईचं दार त्याने स्वतःच लावून घेतलं.

प्रत्येक फेरीआधी सेलची सूचना उघडून बघा. पसंतीक्रम नव्याने भरायचा असेल तर मागच्या यादीवर विसंबू नका.

एमसीसीत पहिल्या फेरीत सीट लागून गेला नाहीत तर काही बिघडत नाही. दुसऱ्या फेरीत अनामत जाते. तिसऱ्या फेरीत जॉइन झालात की सीट सोडता येत नाही आणि पुढच्या कुठल्याच समुपदेशनात भाग घेता येत नाही. राज्य आणि केंद्र दोन्हीकडे खेळत असाल तर दोन्ही वेळापत्रकं एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून भिंतीला लावा. कुठल्या तारखेला कुठली सीट हातात असेल, हे नुसतं आठवणीवर सोपवण्यासारखं नाही.

शेवटी रिक्त जागांची फेरी होते. बीडीएसच्या जागा रिकाम्या राहतात हे खरं. २०२०-२१ च्या प्रवेशांसाठी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये बीडीएसचा पात्रता पर्सेंटाइल १० ने खाली आणायला सांगितला होता. पण रिकाम्या राहतात त्या बहुतेक दूरच्या खासगी कॉलेजांच्या. ‘शेवटी मुंबईत काहीतरी सुटेलच’ म्हणून हातातली सीट सोडू नका.

९. आणि तरीही ट्रान्सफर हवीच असेल तर

नियम डेंटल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००७ च्या बीडीएस विनियमांत आहे. पहिलंच वाक्य असं की स्थलांतर हा विद्यार्थ्याचा हक्क नाही. फक्त अत्यंत करुण परिस्थितीत विचार होतो, आणि ती कारणंही तीनच: सांभाळणाऱ्या पालकाचा मृत्यू, कॉलेजच्या भागात सरकारने जाहीर केलेली अशांत परिस्थिती, किंवा विद्यार्थ्याला अपंगत्व आणणारा आजार. वडिलांची बदली, लग्न, हॉस्टेलचं जेवण, घरची आठवण यांत बसत नाही.

कारण बसत असेल तर क्रम असा. दोन्ही कॉलेजं मान्यताप्राप्त हवीत. तुम्ही पहिलं वर्ष पास झालेलं हवं. निकालानंतर एका महिन्याच्या आत सगळ्या संबंधित यंत्रणांकडे परिपूर्ण अर्ज गेला पाहिजे. नव्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी २४० दिवसांचा अभ्यासक्रम पूर्ण करीन, असं प्रतिज्ञापत्र त्या विद्यापीठाच्या कुलसचिवांकडून प्रमाणित करून द्यावं लागतं. बदली फक्त दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, आणि केंद्रीय दंत नियामक संस्थेच्या पूर्वपरवानगीशिवाय कॉलेज किंवा विद्यापीठ परस्पर घेऊ शकत नाही. घरात खरंच असा प्रसंग ओढवला असेल तर निकालाची वाट न बघता कागद जमवायला लागा, कारण एक महिना फार पटकन जातो.

परदेशात डेंटल सुरू करून मधूनच भारतात येता येत नाही. तिकडची पदवी पूर्ण करून एनबीईएमएस या केंद्रीय परीक्षा मंडळाची परदेशी दंतपदवीधरांसाठीची स्क्रीनिंग परीक्षा द्यावी लागते. इथून अमेरिकेला जायचं असेल तर तेही बीडीएस संपवूनच. तिथल्या कॉलेजांत पदवीधर दंतवैद्यांसाठी दोन-तीन वर्षांचे ‘ॲडव्हान्स्ड स्टँडिंग’ अभ्यासक्रम असतात. अर्धवट बीडीएसला तिथे किंमत नाही.

१०. एजंट

क्लासच्या दाराबाहेर, निकालाच्या दिवशी फोनवर, ओळखीच्या काकांच्या ओळखीतून, कुठूनही येतात. ‘नीट नसली तरी मॅनेजमेंटमधून करून देतो.’ खोटं. संस्थास्तरीय, एनआरआय, अभिमत, सगळ्याला नीटची पात्रता लागतेच. ती नसेल तर पदवी घेऊनही दंत परिषदेत नोंदणी होणार नाही. ‘पहिल्या वर्षी बाहेर टाकतो, मग मुंबईत आणतो.’ वरचा नववा मुद्दा त्याला वाचून दाखवा. ठरलेल्या फीवर वेगळी रक्कम मागणं महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. फी भरा ती कॉलेजच्या खात्यात, पावती घेऊन.

११. प्रवेश झाल्यावर

प्रवेशाच्या वेळी सीट सोडण्याच्या अटींचं हमीपत्र भरून घेतात. पुढच्या वर्षी पुन्हा नीट देऊन एमबीबीएस बघायचा विचार मनात असेल, तर त्यातली रक्कम आणि तारीख सही करण्याआधी वाचा. महाडीबीटीचा अर्ज लगेच भरा, मुदत संपल्यावर कॉलेज काही करू शकत नाही.

हिपॅटायटिस बी ची लस आत्ताच सुरू करा. तीन डोस, दुसरा एका महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. पेशंटच्या तोंडात हात घालायच्या आधी ती पूर्ण झालेली हवी.

पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिओलॉजी-बायोकेमिस्ट्री आणि डेंटल ॲनाटॉमी असते. त्यातच मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचं काम येतं. सामानाची यादी कॉलेज देतं. एप्रन दोन शिवून घ्या. पुस्तकं, हाडांचा सेट आणि पुढच्या वर्षांची बरीचशी हत्यारं सीनियर्सकडून अर्ध्या किमतीत मिळतात, हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर बघा. कार्व्हर मात्र नवा घ्या, धार गेलेल्याने मेण कोरलं जात नाही, तुटतं.